गोधडीचं पोट

रोज सकाळी केर काढायच्या आधी कालिंदीबाई सतरंजीवर उघडा तळवा फिरवायच्या. आधी कडेकडेने, मग मधोमध, तांदळात खडा शोधावा तशा हलक्या हाताने. काल शिवताना एखादी सुई निसटली असेल, तर ती दुसऱ्या कुणाच्या पायात शिरण्याआधी आपल्या हाताला लागावी म्हणून. लागली, तर तोंडातून आवाजही न काढता त्या ती उपसून काढायच्या, पदराला पुसायच्या आणि ब्लाउजच्या खांद्यावर खोचून ठेवायच्या. तळव्यावर आलेला रक्ताचा थेंब चोखून टाकायच्या. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायच्या, “ये गं. वाट मोकळी आहे.”

ही सवय कुठून आली ते वीणाला माहीत होतं, कारण ती तेव्हा तिथेच होती.

ती दुसरीत असेल. तिचे वडील बिंदुमाधवशास्त्री वेदपाठशाळेत शिकवायचे. काशीतल्या रामघाटाच्या गल्लीतून ते चालू लागले की पायरीवर बसलेली माणसं उठून उभी राहायची. एका सकाळी ते आंघोळ करून ओल्या पायांनी आले आणि सतरंजीवर पडलेली सुई त्यांच्या टाचेत शिरली. ते खाली बसले. सुई काढली. खिडकीच्या उजेडात धरून तिच्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, “हात पुढे कर.” आईने हात पुढे केला. त्या सुरात ते काही म्हणाले की करायचंच असायचं. त्यांनी ती सुई तिच्या अंगठ्याखालच्या मांसात घुसवली, फक्त नेढं बाहेर राहीपर्यंत. मग सोवळं नेसून ते देवघरात गेले आणि त्यांचा खणखणीत आवाज घरभर ऐकू येऊ लागला. आईने दातांनी सुई ओढून काढली, धुतली आणि तिच्यातच दोरा ओवून अर्धा राहिलेला हुक लावायला घेतला.

“तू ओरडली का नाहीस?” वीणाने मोठेपणी एकदा विचारलं होतं.

“त्यांची पूजा चालली होती ना,” आई म्हणाली.

कालिंदीबाई काही गरीब गाय नव्हत्या. वीणाला टाके शिकवताना त्यांच्या मांडीशी लाकडी फूटपट्टी असायची. धावदोरा वाकडा गेला की पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची, आणि ती आडवी नाही, धारेवर. “रडू नकोस, कापड भिजतं,” एवढंच म्हणायच्या. वीणाचा टाका गल्लीत सगळ्यांत सरळ झाला, आणि बोटं थंडीत आजही ठणकतात.

शास्त्री गेल्यावर घर शिवणावर चालू लागलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिला बोचकी लटकत असायची. एका बोचक्यात बंगाली टोल्यातल्या एका बाईंचा टेबलक्लॉथ, त्यावर कमरेपर्यंत भरलेला मोर. एकात अर्धी कुंची. एकात फॉल लावायच्या साड्या, एकात कुणाच्या तरी सासूच्या नऊवारीचे कापून ठेवलेले तुकडे. कालिंदीबाई एक काम संपवून दुसरं घेत नसत. सगळी कामं एकदम चालू असायची आणि ज्या टाक्याशी हात थांबला तिथे सुई खोवलेली असायची. बोचकं उघडलं की जिथे सोडलं तिथून पुढे.

समोरच्या घरात राहणाऱ्या मालविकाकाकू निवृत्त शिक्षिका. त्यांची आणि कालिंदीबाईंची खिडकी समोरासमोर, मध्ये जेमतेम एक गाय जाईल एवढी गल्ली. खिडकीतूनच भांडण आणि साखरेची देवाणघेवाण चालायची.

“कालिंदी, माझ्या नातीची कुंची होईपर्यंत ती कॉलेजात जाईल गं.”

“तोवर डोकं केवढं होतं ते बघू दे, म्हणजे नीट बसेल.”

“आणि त्या मोराला पाय कधी देणार?”

“मोराचे पाय कुरूप असतात. जितके उशिरा काढावेत तितकं बरं.”

हे हसणं खिडकीपुरतं असायचं. खिडकी लावली की घरात परत कात्रीचा आवाज.

त्यांच्या घराण्यात, म्हणजे काही पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला येऊन राहिलेल्या त्या पुरोहितांच्या घरात, गोधडीची एक रीत होती. गोधडी कडेकडून आत शिवत न्यायची, फेऱ्यावर फेरा, आणि अगदी मध्ये तळव्याएवढं तोंड उघडं ठेवायचं. त्याला पोट म्हणायचे. उपाशी गोधडी कुणाच्या अंगावर घालायची नाही. म्हणून शेवटच्या दिवशी त्या पोटात गुळाच्या पोळीचा तुकडा ठेवून मग ते शिवून टाकायचं. माहेरी आलेल्या लेकीसाठी आई आपल्या जुन्या साड्यांची गोधडी घालायला घ्यायची. ज्या दिवशी तिचं पोट भरेल, त्या दिवशी ती खांद्यावर टाकून लेक सासरी निघायची. भरत नाही तोवर लेकीला कुणी जा म्हणायचं नाही, घरातल्या पुरुषांनी नाही आणि सासरच्यांनीही नाही. बाळंतिणीला चार दिवस जास्त पाठ टेकता यावी म्हणून कुणा शहाण्या बाईने कधीतरी हे काढलं असावं. त्यामुळे त्या घरातल्या आयांचे हात लेक आली की एकदम मंद व्हायचे.

वीणाचं लग्न गावातच महमूरगंजला राहणाऱ्या सुमंतशी झालं. सरकारी कचेरीत नोकरी, गोरा, हळू बोलणारा. वर्षभरातच ती सुजलेला जबडा घेऊन माहेरी आली. कालिंदीबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “काय बोललीस त्यांना?” मग गोधडी घालायला घेतली, पण त्या वेळी त्यांचा हात मंद झाला नाही. दिवसभर त्या शिवत होत्या. आठवडाही झाला नसेल, त्यांनी स्वतः पोळी लाटली, तुकडा पोटात ठेवला, टाका घातला, दोरा दाताने तोडला.

“आई, मला नाही जायचं.”

“मी पण राहिलेच ना?” कालिंदीबाई म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर गोधडी टाकली.

पुढच्या दोन वर्षांत वीणाचं मनगट एकदा मोडलं. नळाखाली पाय घसरला असं तिने फोनवर सांगितलं. कालिंदीबाई म्हणाल्या, “जपून चालत जा.”

मग ज्येष्ठातल्या एका दुपारी, दगडी गल्ल्या तव्यासारख्या तापल्या असताना, वीणा लांब बाह्यांचा ब्लाउज घालून दारात उभी राहिली. हातात एक पिशवी.

“एवढ्या उकाड्यात हे काय घातलंयस? थांब, मलमलचा एक शिवून देते,” म्हणत कालिंदीबाईंनी टेप काढला. “हात वर कर.”

वीणाने हात वर केला नाही. मग त्यांनीच तिच्या पाठीवरचे हुक काढले.

उजव्या खांद्याच्या पात्यावर नावेच्या टोकासारखा डाग होता. कातडी सोलून लाल मांस दिसत होतं, कडेने पिवळं पाणी सुटलेलं, आणि वाफेच्या इस्त्रीची भोकंसुद्धा ठिपक्याठिपक्याने उमटलेली. टेप तिथे थांबला. कालिंदीबाईंनी डागाच्या कडेने, हात न लावता, वरून बोट फिरवलं. चुरगळलेली शिवण तपासताना त्या असंच करायच्या.

“इस्त्री?”

“कॉलरला चुणी राहिली होती.”

ती इस्त्री कालिंदीबाईंनीच लग्नात दिली होती. गोदौलियाच्या बाजारात तीन दुकानं फिरून, चांगली बघून.

त्यांनी टेप गुंडाळून ठेवला. ट्रंक उघडली. आपल्या सगळ्या जुन्या साड्या बाहेर काढल्या, सतरंजीवर एकावर एक अंथरल्या आणि कडेचा पहिला फेरा घालायला बसल्या. या वेळी ‘काय बोललीस’ असं त्यांनी विचारलं नाही. कुणालाच काही विचारलं नाही.

त्या गोधडीसारखी मंद गोधडी त्या घरात कुणी शिवली नव्हती. पावसाळा गेला. घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ धुऊन झाला. दिवाळी गेली. खालच्या मजल्यावर कालिंदीबाईंचे दीर देवव्रत राहायचे. यजमानांची पिंडदानं, श्राद्धं करून पोट भरणारे, भले, भांडणाला भिणारे गृहस्थ. रोज सकाळी चहाला वर यायचे आणि बशीत फुंकर घालत विचारायचे, “वहिनी, गोधडी कुठवर आली?”

“चालू आहे.”

“दोनच फेरे राहिलेत. मी बघितले ना परवा.”

“भाऊजी, बायकांच्या शिवणात डोकं घालू नका. तिकडे संकल्पात गोत्र चुकेल तुमचं.”

“तसं नाही हो. सुमंतचा रोज फोन येतो. लोक पूछते हैं. आपल्याला पण गल्लीत राहायचंय.”

“मग राहा की. तुम्हाला कुठे गोधडी घालून पाठवायचंय?”

वीणा आत हसायची आणि मग तिला आठवायचं की फेरे खरंच संपत आलेत. कार्तिकात ते संपले. मधलं तोंड तेवढं राहिलं. तेव्हा कालिंदीबाईंनी रंगीत रिळं काढली आणि पट्ट्यापट्ट्यावर साखळी टाक्याने वेल भरायला घेतली.

“गोधडीला भरतकाम?” देवव्रतकाकांनी बशी खाली ठेवली. “कोण करतं हे?”

“मी.”

सुमंत आता फोनवर भागवत नव्हता. तो गल्लीच्या वळणावर येऊन उभा राहायचा. एकदा त्याने खिडकीवर वीट मारली. ती दोरीवरच्या बोचक्याला लागून खाली पडली म्हणून कालिंदीबाईंचं कपाळ वाचलं. एकदा गच्चीवर वाळत घातलेल्या गिऱ्हाइकांच्या साड्या ब्लेडने उभ्या चिरलेल्या सापडल्या, आणि त्यात एका मुलीचा शालूही होता. गिऱ्हाइकं कमी झाली. मालविकाकाकूंनी खिडकीतून विचारलं, “पोलिसांत जायचं का?” कालिंदीबाईंनी चिरलेला शालू मांडीवर घेतला, दोन्ही कडा जुळवून बघितल्या आणि म्हणाल्या, “माणसाची चामडी असती तर जुळली असती. जरीचं कापड जुळत नाही.”

वीणाने भेलूपूरच्या एका शाळेत अर्ज केला होता. संक्रांत झाल्यावर येणाऱ्या सोमवारी तिला भेटायला बोलावलं होतं. हे तिने फक्त आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि वेलीला आणखी एक पान काढलं.

देवव्रतकाकांची चूक नेमकी कोणती, हे पुढे गल्लीत कुणालाच धड सांगता आलं नाही. त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्यांचा रीतीवर विश्वास होता. पोट भरलं की लेक जाते, मग लेक जात नसेल तर पोट भरायचं राहिलंय, एवढं साधं गणित त्यांनी केलं. सुमंतला ते म्हणाले, “बाकी सगळं झालंय. पोळीचा तुकडा तेवढा ठेवायचाय. वहिनींचं मन होत नाही, बस. संक्रांतीला गुळाची पोळी घेऊन गोडीने या.”

संक्रांतीच्या दिवशी काका पहाटेपासून घाटावर होते. स्नानाला गर्दी लोटलेली, एका यजमानाचं आवरेपर्यंत दुसरा पाट मांडून बसायचा. आकाशात पतंग, आणि गल्लीत तुटलेला मांजा वाऱ्यावर लोंबत होता. कालिंदीबाई सतरंजीवर गोधडी पसरून बसल्या होत्या. वीणा त्यांच्या शेजारी कुंचीला लेस लावत होती. सुमंत न ठोठावता आत आला. अंगात नवा स्वेटर, हातात स्टीलचा डबा.

“बसा, सुमंतराव,” कालिंदीबाई म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या.

“बसायला वेळ नाही, आई. तिळगूळ घ्या, गोड बोला.” तो हसला. वीणाला ते हसणं माहीत होतं. तिच्या खांद्यावरची कातडी आपोआप आखडली. “काकांनी सांगितलं, एवढंच राहिलंय.”

त्याने डबा उघडला. त्याच्या आईच्या हातची गुळाची पोळी होती, वर तुपाचा गोळा. त्याने ती अख्खी चुरगळली, गुडघ्यावर बसला आणि गोधडीच्या उघड्या पोटात मूठ घालून कोंबली. तूप साड्यांच्या थरांत उतरलं. वेलीवर पिवळा डाग पसरत गेला.

“झालं. पोट भरलं. शिवा आता. मी थांबतो.”

कालिंदीबाईंनी त्या तोंडात बोटं घातली आणि पोळी बाहेर काढली. एकेक तुकडा, एकेक कण. सगळं त्याच्या डब्यात परत ठेवलं, झाकण लावलं आणि डबा त्याच्याकडे सरकवला.

“तुझ्या घरची आहे. तूच खा.”

त्याला ‘तू’ म्हणताना वीणाने आईला पहिल्यांदा ऐकलं. सुमंतनेही. त्याचा चेहरा जराही बदलला नाही. बदलला तो हात. वीणाची वेणी त्याने मुठीला गुंडाळली आणि तिला उठून उभं राहायलाही वेळ न देता जिन्याकडे ओढू लागला. लेसचं रीळ उलगडत मागून येत होतं. वीणाचा गुडघा चौकटीवर आपटला. तिला ओरडायचं होतं, पण मान मागे ओढली गेलेली, घशातून नुसती शिट्टीसारखी हवा निघत होती. पहिल्या पायरीशी तिने कठड्याला हात घातला तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने तिची बोटं एकेक करून मागे वाकवली. तीच बोटं. तीच पेरं.

गोधडीचे जाड थर शिवायला कालिंदीबाईंकडे एक दाभण होता, वीतभर लांब, पोती शिवायचा. तो घेऊन त्या आल्या. धावत नाही, नेहमीच्या चालीने. वेणी धरलेली त्याची मूठ त्यांनी नीट बघितली आणि जिथे टाका घालायचा तिथेच घालावा तसा दाभण वरून खाली घातला. तो हाताच्या पाठीतून शिरला आणि तळव्यातून बाहेर आला.

मूठ उघडली. वीणा पायऱ्यांवर बसली. सुमंत क्षणभर आपल्या हाताकडे बघत राहिला, त्यातून आरपार गेलेल्या लोखंडाकडे, मग त्याने गुरासारखा आवाज काढला आणि मोकळ्या हाताने कालिंदीबाईंना भिंतीवर फेकलं. त्या दगडी चौकटीच्या कोपऱ्यावर डोकं आपटून खाली घसरल्या. त्याने वर आणखी एक लाथ घातली, कानामागे. मग आत गेला, रक्ताच्या हाताने गोधडी ओढली, तिच्यावर पाय देऊन फाडायला बघितलं. ती फाटेना. इतक्या थरांची, इतक्या बारीक टाक्यांची होती की नुसती ताणली गेली. शेवटी त्याने ती खिडकीतून खाली फेकली आणि स्वेटरच्या पोटाशी हात धरून जिना उतरला. गल्लीतून जाताना तो मोठ्याने सांगत होता, जिवंत सोडणार नाही, दोघींनाही.

समोरची खिडकी उघडी होती. मालविकाकाकू गज धरून उभ्या होत्या, ओठ पांढरे पडलेले.

“कालिंदी? फार लागलं का गं?”

कालिंदीबाई भिंतीला धरून उठल्या होत्या. “काही नाही. जावई आले होते सणाला.”

कानामागे जरासं रक्त होतं, वाळून चिकटलेलं, एवढंच. वीणाने दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, “डोकं आहे, भोपळा नाही फुटायला.” त्यांनी स्वतः खाली जाऊन गोधडी गोळा करून आणली. घाटावरून काका आले, जिन्यावरचं रक्त बघून पायरीवरच बसले. “मी त्याला गोडीने या म्हटलं होतं,” ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कालिंदीबाईंनी त्यांना पाणी दिलं. संध्याकाळी डोकं जड आहे म्हणाल्या आणि लवकर आडव्या झाल्या.

सकाळी त्या उठल्या नाहीत.

रामघाटापासून मणिकर्णिका, म्हणजे स्मशानघाट, हाकेच्या अंतरावर. संकठादेवीच्या देवळावरून गल्ल्यागल्ल्यांनी गेलं की आलीच. त्या भागात मेलेल्या माणसाला फार वेळ घरात ठेवत नाहीत, आणि काशीत आलेल्या मरणावर कुणी मोठ्याने रडतही नाहीत. ऊन गल्लीत उतरायच्या आत बांबू आले, सुतळी आली. काकांनी सगळं बोलावलं. त्यांचे डोळे सुजलेले होते आणि हात न थांबता चालले होते. दारात जमलेल्यांना त्यांनी सांगितलं, “जिन्यावरून पडल्या. पुण्यवान बाई, संक्रांतीच्या पुण्यकाळात गेल्या.”

वीणाने ऐकलं. ती आईच्या उशाशी बसली होती आणि तिने आत्ताच आईचे केस बाजूला सारून कानामागे बघितलं होतं. तिथून मानेपर्यंत सगळं काळंनिळं झालं होतं.

“काका, जिन्यावरून नाही.”

काका तिच्याजवळ वाकले. आवाज अगदी खाली. “बेटा, मला माहीत आहे. मला माहीत नाही का? पण पोलीस आले तर पोस्टमार्टेम करतील. तू बघितलं नाहीस, मी घाटावर रोज बघतो. छातीपासून पोटापर्यंत उभं फाडतात. डोकं उघडतात. आणि मग शिवतात कसं, तर पोतं शिवावं तसं. जाड सुतळीने, हातहातभर टाके. तुझ्या आईला? जिने आयुष्यात एक टाका वाकडा घातला नाही तिला?” ते रडू लागले. “तासाभरात सगळं पवित्र होईल. गेलेलं माणूस परत येतं का?”

वीणाला ते टाके दिसत होते. त्या कोऱ्या, कधी कुणी न बघितलेल्या पोटावर जाड काळे टाके. तासाभरात काय काय जळेल तेही दिसत होतं: कानामागचा काळानिळा डाग, चौकटीची खूण, लाथ. उरेल फक्त जिन्यावरून पडलेली एक पुण्यवान बाई, गोडीने आलेला जावई, आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी पुरं करून दिलेलं गोधडीचं पोट. काकांनी सुतळीची शेवटची गाठ मारली. चौघांनी वाकून खांद्याला बांबू लावायला हात घातला.

ती उठली, आत गेली आणि आईची मोठी कात्री घेऊन आली.

“बिटिया, हट जा,” खांदेकऱ्यांपैकी एकजण म्हणाला.

तिने तिरडीची सुतळी कापली. आधी पायांकडची, मग छातीवरची, मग डोक्याकडची. कुणीतरी तिचा दंड धरला तेव्हा तिने कात्रीचं टोक त्याच्या पोटाकडे वळवलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिली. हात सुटला. पांढरं वस्त्र सरकलं, आईचं डोकं एका बाजूला कलंडलं आणि तो काळानिळा भाग दारातल्या सगळ्या माणसांना दिसला. कुणी राम राम म्हटलं. कुणी मागे सरलं.

“माझ्या आईला मारलंय,” वीणा म्हणाली. “कुणी उचलायचं नाही.”

काकांनी कपाळ भिंतीला टेकलं. गल्लीतून दुसरी एक प्रेतयात्रा घोषणा देत पुढे गेली. तेव्हा मालविकाकाकू माणसांतून वाट काढत आल्या. पायांत चपला नव्हत्या, हातात फोन होता.

“एक सौ बारा लगा दिया है, पुलिस आ रही है,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “मी खिडकीतून बघितलंय. लाथसुद्धा बघितलीये. चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय, मला जिना आणि माणूस यांतला फरक कळतो. वीणा, ती कात्री दे इकडे. दरोगा येईल तेव्हा ती तुझ्या हातात नको.”

दरोगाजी आले. आधी वैतागले, घर का मामला म्हणाले, मग वीणाने ब्लाउजचा गळा खांद्यावरून ओढून इस्त्रीचा डाग दाखवला तेव्हा वही काढून लिहू लागले. सुमंत त्याच दुपारी एका खाजगी दवाखान्यात सापडला, हाताला बँडेज. दार लावताना खिळा लागला असं त्याने सांगितलं होतं. डॉक्टरने नंतर साक्षीत म्हटलं की खिळा इतका सरळ जात नाही.

आईला दुसऱ्या दिवशी परत दिलं. टाके काकांनी सांगितले तसेच होते. वीणाने ते बघितले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तोंड फिरवलं नाही. मग आईला मणिकर्णिकेवर नेलं. वीणा गल्लीच्या तोंडाशी थांबली नाही, पायऱ्या उतरून खालपर्यंत गेली, आणि तिला कुणी अडवलं नाही. अग्नी काकांनी दिला. चिता रचणाऱ्या डोमाने त्यांचं मनगट धरलं होतं.

महमूरगंजहून नंतर माणसं आली, समझौत्याचं बोलायला, मग धमकवायला. दोन्ही वेळा वीणाने दारातूनच परत पाठवलं. ती परत गेली नाही. खटला चालू आहे, तारखा पडतात. शाळेतला तो सोमवार सुतकात गेला. शाळेने पुढची तारीख दिली, आणि ती त्या तारखेला गेली. आता ती पाचवीला हिंदी शिकवते. मुलांना पट्टी मारत नाही. मारावीशी वाटली की वर्गाबाहेर जाऊन उभी राहते.

काका अजून चहाला येतात. बशीत फुंकर घालतात. काही विचारत नाहीत.

संक्रांतीच्या त्या संध्याकाळचं वीणाला सगळं आठवत नाही. दिवेलागण झाली होती. गच्चीवर मुलं शेवटचे पतंग उतरवत होती. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि ती झोपली असं वाटून वीणा तिच्या अंगावर पांघरूण घालायला वाकली. तेव्हा आईने डोळे उघडले. दुपारच्या कशाबद्दलही बोलली नाही. वीणाच्या ब्लाउजकडे बघितलं. ओढाताणीत त्याचे दोन हुक तुटले होते आणि तिथे वीणाने सेफ्टी पिन लावली होती.

“सोमवारी शाळेत जायचंय ना तुला?” आई म्हणाली. “उद्या हुक लावून देते त्याला. पिना टोचून जाऊ नकोस, बरं दिसत नाही.”